कंचेभागुबेव पाठ आहे, तरी उत्तर चूक? या चुका टाळा

दर जूनमध्ये शिकवणीला आलेल्या नव्या पोरांना मी पहिलं गणित हेच घालते: २० − ८ + ५. बऱ्याच वह्यांत उत्तर ७. कंचेभागुबेव, म्हणजे गणित सोडवायचा क्रम, कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, सगळ्यांना एका दमात पाठ, आणि नेमकं ते पाठांतरच बुडवतं.

गेल्या वर्षी एक आई पेपर घेऊन लालबागच्या आमच्या खोलीच्या दारात उभ्या. "टीचर, 'बे' आधी, 'व' नंतर ना? मग ८ नि ५ तेरा, वीसातून तेरा गेले, सात. मार्क का कापला?"

म्हटलं, "अहो, बसमध्ये बसा जरा. लालबागला गाडीत २० माणसं. हिंदमाताला ८ उतरली, ५ चढली. आता किती?"

"सतरा." आणि त्या एकदम गप्प.

"तुम्ही चढणाऱ्या पाचांनाही उतरवलंत की!"

मार्क काही वाढला नाही, चहा मात्र पिऊन गेल्या.

बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर असतात. डावीकडून जी आधी येईल ती आधी. 'बे' आधी करायची हौसच असेल, तर अधिकवाल्या संख्या गोळा करा: २० + ५ = २५, त्यातून ८ गेले, १७. ८ च्या आधीचं उणे फक्त ८ चं, ५ च्या गळ्यात घालू नका. मी अजूनही पेन्सिलने प्रत्येक संख्येला तिच्या चिन्हासकट गोल करते. पोरं हसतात. हसू देत.

भागाकार-गुणाकाराचंही तेच: २४ ÷ ४ × २ म्हणजे १२. ज्यांना ४ × २ सोपं दिसतं म्हणून आधी उरकायचं असतं, त्यांचं ३ येतं. बॉडमासवाल्यांनी (हाच क्रम इंग्रजीत पाठ करणाऱ्यांनी) फार हसू नये, तिथेही हाच खड्डा आहे.

"चे म्हणजे गुणाकारच" हा शॉर्टकट कोण शिकवतं कोण जाणे. १२ ÷ ८ चे १/२ यात आधी ८ चे अर्धे ४, मग १२ ÷ ४ = ३. 'चे' पुसून × लिहा आणि डावीकडून सोडवा, उत्तर पाऊण.

कंसाआधी उणे असेल तर घाईने कंस पुसू नका. ५० − (२० − ८) म्हणजे ३८, २२ नव्हे.

३² सारख्या वर्गाला, म्हणजे घाताला, कंचेभागुबेवमध्ये अक्षरच नाही, म्हणून आठवीत गोंधळ. कंस सुटला की लगेच घात: ५ + २ × ३² = ५ + १८ = २३. वहीत −३² म्हणजे −९, पण एक्सेल त्याचे ९ देतं.

व्हॉट्सॲपवर फिरणारं ८ ÷ २(२ + २) मला पाठवू नका. १६ की १ यावर भांडण्यापेक्षा लिहिणाऱ्याने एक कंस जास्त घालावा.

आणि कॅल्क्युलेटर. शंभराची नोट, १५ चे ३ वडापाव: १०० − ३ × १५. मोबाइल ५५ म्हणतो. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर बटणं दाबाल त्या क्रमाने चालतो: ९७ गुणिले १५. एवढे १,४५५ रुपये परत देणारा वडापाववाला सापडला तर मलाही पत्ता द्या.