भोक पाडण्याआधी आकाश बघा

टीव्हीची छत्री एकाच उपग्रहाकडे तोंड करून बसते, म्हणून तिला आकाशाची एक फटही पुरते. स्टारलिंकसारख्या, उपग्रहांवरून घरी इंटरनेट देणाऱ्या सेवेचे उपग्रह मात्र सुमारे ४८० ते ५५० किलोमीटर उंचीवरून सतत धावत असतात. एक खाली कलला की डिश दुसरा पकडते. त्यामुळे तिला मोकळं आकाश बरंच रुंद लागतं.

आधी डिश नुसती गच्चीत किंवा अंगणात ठेवून बघा. सेवेच्या मोबाइल ॲपमध्ये अडथळे तपासायची सोय असते. मोबाइलचा कॅमेरा आकाशाकडे फिरवला की कुठलं झाड, कुठली टाकी आड येते ते कळतं. एखादी फांदी आड आली म्हणून नेट बंद पडत नाही, अधूनमधून क्षणभर तुटतं. बातम्या वाचताना ते जाणवतही नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र समोरच्याचं तोंड उघडं ते उघडंच! (पानगळीत तपासलंत तर पालवी फुटल्यावरचं झाडही डोळ्यांसमोर आणा.)

डिश दिवसभर चालू ठेवून ॲपमधला अडथळ्यांचा नकाशा पाहा, मगच केबलसाठी भिंतीला भोक पाडा. केबल आत घेताना भोकाच्या खाली तिला थोडा झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी बाहेरच ठिबकून जाईल.