उन्हाळ्यात संघ बांधताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की सोलापुरातल्या बास्केटबॉल क्लबांना उंचीचा ताप चढतो. कुणी सांगितलं, "अमक्याचा भाचा सहा फूट चार इंच आहे," की दोन गाड्या त्याच्या दारात. पोरगं डाव्या हाताने ड्रिबल करतं का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. "उंच आहे की!" एवढ्यावर बोलणी संपतात. चादर घेताना आपण वीण दाबून बघतो. खेळाडू मात्र टेप लावून घेतो.

एका क्लबने असेच तीन उंच आणले आणि त्यांना जागा करायला साडेपाच फुटी जुन्या गार्डला, म्हणजे बॉल पुढे आणणाऱ्याला, सोडून दिलं. पहिल्याच मॅचला समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे अख्ख्या कोर्टभर अंगावर आले. आठ सेकंदांत बॉल मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो. उंच पोरगं छातीइतक्या टप्प्याने बॉल आणतंय, दोघं अंगावर आले की पाठ फिरवतंय, तेवढ्यात शिट्टी. पुढचा पास थेट कोर्टाबाहेर. पहिल्या हाफचे दोन्ही टाइमआऊट पहिल्या क्वार्टरमध्येच संपले. बाकीचे दोन उंच पलीकडच्या रिंगखाली हात वर करून उभे, बॉल काही तिथवर आला नाही. सोडलेला गार्ड पायऱ्यांवर बसून शेंगा फोडत होता.

बारा जणांत बॉल आणणारे तीन हवेतच: एक खेळणारा, एक त्याची बदली, आणि पहिला पाच फाऊल होऊन बाहेर गेला तर आणखी एक. ट्रायलला अंगावर दोन डिफेंडर सोडा आणि बेसलाइनपासून मध्यरेषेपर्यंतचे 14 मीटर आठ सेकंदांत पार करायला लावा, दहा वेळा. सातदा निसटला तर घ्या. उंचाची परीक्षा वेगळी. बोर्डवर बॉल मारा आणि बघा, तो आधी माणूस अडवतो की नुसता वर बघत राहतो. रिबाऊंड, म्हणजे आपटून परत आलेला बॉल, घेऊन हनुवटीपाशी धरणारा ठेवा. कमरेपर्यंत खाली आणला की कुठलाही बुटका हिसकावून नेतो.

दुसरं दुखणं कोचिंगचं. "दोन टीम पाडा, मॅच लावा," म्हणून कोच सावलीला. दहा जणांत बॉल एकच. कच्च्या पोराच्या हाताला तो लागतच नाही, आणि जून आला तरी त्याचा डावा हात तसाच. निम्मा वेळ तीन-तीनवर, अर्ध्या कोर्टात खेळवा. फ्री थ्रोचीही तीच तऱ्हा. ताज्या दमाने सलग पन्नास मारायचे आणि चाळीस पडले म्हणून खूश. मॅचमध्ये ते धापा टाकतानाच मारावे लागतात, तेही दोनच. म्हणून कोर्टाच्या दोन फुल फेऱ्या, लगेच दोन फ्री थ्रो, असं दहा वेळा, आणि आकडा वहीत. वीसपैकी बारासुद्धा पडत नसतील तो शेवटच्या मिनिटाला बॉलपासून लांबच बरा. समोरच्यांचे क्वार्टरमध्ये चार टीम फाऊल झाले की पाचव्यापासून फ्री थ्रो मिळतात; तिथे हरलेल्या मॅचचं खापर रेफरीवर फोडू नका.

मोबाईलवर बघून अकरा प्ले, म्हणजे ठरवलेल्या चाली, शिकवणाऱ्या कोचबद्दल न बोललेलंच बरं. तीन प्ले आणि साइडलाइनवरून बॉल आत टाकायचा एक, इतकं पुरतं.

तीन गुणांचा शॉट म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतले फुगे नव्हेत. 6.75 मीटर फार लांब आहे. आधी फ्री थ्रो लाइनच्या आतले पडू देत.

बारा वर्षांखालच्या पोरांच्या हातात सात नंबरचा बॉल देऊ नका, पाचचा द्या. जड बॉल खांद्यावरून फेकायची खोड लागली की सुटत नाही. सिमेंटच्या कोर्टावर लेदरचा बॉल वापरायची हौस असेल तर दर थोड्या दिवसांनी नवा घ्यायची तयारीही ठेवा, रबरी टिकतो.

मे महिन्यात सराव पहाटे साडेपाचला सुरू करून साडेसातला बंद. बेचाळीस अंशांत संध्याकाळी पाचलाही सिमेंट भाजतं, आणि पोरं पायांपेक्षा पाण्याच्या बाटलीकडेच जास्त बघतात.

आणि ज्युनिअरच्या खेळाडूचा जन्मदाखला पहिल्या दिवशी मागा, स्पर्धेच्या आदल्या रात्री नाही.