पहिल्यांदा श्रामणेर शिबिराला जाणाऱ्यांसाठी

आमच्या जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत श्रामणेर शिबिरं लागतात, म्हणजे काही दिवस नवशिका बौद्ध भिक्खू होऊन राहायची शिबिरं, बहुतेक दहा दिवसांची. मानसशास्त्राच्या एम.ए.ला मी प्रकल्पासाठी 'गट एकजीव कसा होतो' हा विषय घेतला होता. बाहेर वही घेऊन बसण्यापेक्षा मुंडन करून आतच बसलो.

एकसारखेपणा फार पटकन अंगात भिनतो. डोकं भादरलं, चीवर म्हणजे भिक्खूचं वस्त्र चढलं, की कोण वरणगावचा, कोण साक्रीचा, कोण इंजिनिअर, कोण केळीच्या ट्रकवरचा हमाल, काही कळत नाही. चीवर सुरुवातीला खांद्यावरून सारखं घसरतं. मागचा मुलगा टोक वर सारून देतो, 'धर ना भो' एवढंच पुटपुटतो, आणि दोस्ती होते. रांग वयावर नाही, हुद्द्यावर तर नाहीच. दीक्षा आधी कोणाची, त्यावर लागते. बुद्धाच्याच शाक्य कुळातल्या राजकुमारांनी त्यांचा नाभिक उपाली याला मुद्दाम आपल्याआधी प्रव्रज्या, म्हणजे संघातली दीक्षा, द्यायला लावली, ती याचसाठी. त्याला वंदन करावं लागलं की कुळाचा ताठा उतरेल. माझ्यामागे मामांच्या वयाचे गृहस्थ बसायचे. अवघडल्यासारखं होतं, मग सवय होते.

नवख्यांची गल्लत पुढे होते. सगळे गप्प, म्हणून आपणही गप्प राहायचं, हीच शिस्त असं वाटू लागतं. विनय, म्हणजे भिक्खू संघाची नियमावली, तसा नाही. उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण भिक्खू करून घेण्याच्या, वेळी ठराव एकदा मांडून संघाला तीनदा विचारतात: मान्य असेल त्यानं गप्प राहावं, नसेल त्यानं बोलावं. वाद मिटेना तर शलाका, म्हणजे मताच्या काड्या, वाटून बहुमत घ्यायची सोय आहे. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपताना पवारणा नावाचा विधी होतो, त्यात थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खूसुद्धा म्हणतात, माझं काही वावगं पाहिलं, ऐकलं किंवा शंका आली असेल तर सांगा. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे भिक्खू संघाला ठाऊक होतं, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत सांगितलंच आहे. मानसशास्त्रज्ञ ॲशच्या रेषांच्या प्रयोगात बाकीचे मुद्दाम रेषेची लांबी चुकीची सांगायचे, आणि माणूस त्यांच्या दाबाखाली यायचा; पण त्यातला एक जरी खरं बोलला, तरी गटाचा दाब झपाट्यानं उतरायचा. तीनदा विचारण्यात मला तीच हुशारी दिसते: पहिल्याला तोंड उघडायला वेळ मिळतो.

शिबिरात मात्र यातलं फार थोडं अनुभवाला येतं. श्रामणेराला संघकर्मात, म्हणजे संघाच्या अशा औपचारिक निर्णयांत, मत नसतं, आणि दिवस घंटेवर चालतो. म्हणून प्रश्न साठवून ठेवा, संध्याकाळच्या देसनेनंतर, म्हणजे प्रवचनानंतर, भन्तेंना सरळ विचारा. आमचे भन्ते तर कोणी विचारलं की खुलायचे.

जेवण बाराच्या आत. दायक, म्हणजे दान देणारी मंडळी, वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी आणतात. शेजारी घेतो म्हणून चौथी बट्टी घेऊ नका, पुढे भर उन्हाच्या दुपारी ध्यानाला बसायचं असतं. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच दिवशी सांगा. आजाऱ्याला तूप, लोणी, तेल, मध, गूळ औषध म्हणून घ्यायची मुभा विनयातच आहे.