शेवटच्या घसाईसाठी सँडर कसा निवडावा

सुतारकामाच्या दुकानात घसाई दोन प्रकारची असते. पहिली सपाटी आणण्याची, म्हणजे रंध्याच्या खुणा, जोडांतला उंचसखलपणा आणि वाळलेला गोंद काढण्याची. दुसरी शेवटची, पॉलिश चढण्याच्या आधीची. पहिली घसाई बेल्ट सँडर (फिरत्या पट्ट्याचे घासण्याचे मशीन) किंवा जाड नंबरचा (नंबर जितका लहान तितका कण जाड) पॉलिशपेपर करून देतो आणि तिच्यात थोडे कमीजास्त झाले तरी पुढे सावरता येते. दुसरीत मात्र राहिलेला प्रत्येक ओरखडा पॉलिशखाली ठळक होतो. चंद्रपूर, गडचिरोली आणि गोंदियाच्या खेड्यांत आपल्या हातात येणारे लाकूड बहुतेक सागाचे असते, अधूनमधून बीजा, शिवण किंवा हळदूही येतो. बल्लारशाच्या किंवा आलापल्लीच्या डेपोतून आणलेल्या सागाला आज जो भाव द्यावा लागतो तो पाहता, शेवटच्या हातासाठी घ्यायचे मशीन पूर्ण विचार करूनच घ्यावे, असे मला मनापासून वाटते. पुढचे सर्व विवेचन या दुसऱ्या घसाईच्या मशीनपुरतेच आहे.

बाजारात या कामासाठी मुख्यतः दोन मशीन मिळतात. एक चौकोनी, ज्याला पाव शीट बसते. २३० बाय २८० मिलिमीटरच्या साध्या पॉलिशपेपरचे चार तुकडे केले की चार वेळचा पेपर होतो, म्हणून ते चालवायला स्वस्त पडते आणि चौकटीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचते. दुसरे गोल, म्हणजे रँडम ऑर्बिटल. त्याची चकती लहानशा वर्तुळात थरथरते आणि त्याच वेळी स्वतःभोवतीही मोकळी फिरते, त्यामुळे पेपरचा कण एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जात नाही आणि ओरखडे एकमेकांत मिसळून दिसेनासे होतात. चौकोनी मशीनचा तळ नुसता थरथरतो, स्वतःभोवती फिरत नाही. त्याची बारीक वेटोळी, म्हणजे गोल ओरखडे, लाकडावर राहतात आणि शेवटी हाताने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने पेपर मारून ती काढावी लागतात. दुकानात एकच मशीन घेणे शक्य असेल तर १२५ मिलिमीटरच्या चकतीचे रँडम ऑर्बिटल घ्यावे आणि कोपरे हाताने करावेत. खिडक्या-दरवाजांच्या चौकटींचे काम अधिक असेल तरच चौकोनी मशीन आधी घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही आणि गिऱ्हाईक सहसा विचारत नाही. चकती ज्या लहान वर्तुळात थरथरते, त्या वर्तुळाच्या व्यासाला ऑर्बिट म्हणतात. बारीक कामाच्या मशीनचे ऑर्बिट २.५ ते ३ मिलिमीटर असते, भराभर लाकूड काढणाऱ्या मशीनचे ५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. २.५ मिलिमीटरच्या मशीनमध्ये पेपरचा कण एका फेरीत सुमारे ८ मिलिमीटर चालतो, ५ मिलिमीटरच्या मशीनमध्ये जवळजवळ १६. फेऱ्यांचा वेग तितकाच असेल तर मोठे ऑर्बिट लाकूड लवकर काढते हे खरे, पण त्याची वेटोळी लांब असतात, सागाच्या रेषेला आडवी जास्त अंतर जातात आणि म्हणूनच डोळ्यांना दिसतात.

ही चूक मी स्वतः केली आहे. सहा फूट लांबीच्या सागाच्या बंगईचे (झोपाळ्याचे) काम होते. मशीन नवीनच घेतले होते, १५० मिलिमीटर चकतीचे आणि ५ मिलिमीटर ऑर्बिटचे, कारण विकणाऱ्याने त्याची ताकद जास्त असल्याचे सांगितले होते आणि मला तेवढेच पुरेसे वाटले. २२० नंबरपर्यंत घासल्यावर फळी हाताला रेशमासारखी लागत होती. संध्याकाळी लाखेचे स्पिरिट पॉलिश चढवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत ऊन तिरपे आले तेव्हा सगळ्या फळीवर सांडलेल्या शेवयांसारखी वेटोळी उमटलेली दिसली. पॉलिश उतरवून फळी पुन्हा १२० नंबरपासून घासण्यात दोन पूर्ण दिवस गेले. मशीन खराब नव्हते, ते वेगळ्या कामाचे होते.

ऑर्बिटचा आकडा वाचताना एक खबरदारी घ्यावी. काही माहितीपत्रकांत पूर्ण व्यास दिलेला असतो, तर काहींत केंद्रापासूनचे अंतर, म्हणजे त्याच्या अर्धे. त्यामुळे १.२५ मिलिमीटर आणि २.५ मिलिमीटर हे दोन आकडे एकाच प्रकारच्या मशीनचे असू शकतात. हवेवर चालणाऱ्या मशीनवर हाच आकडा इंचात असतो: बारीक कामासाठी ३/३२ इंच आणि जाड कामासाठी ३/१६ इंच. वॅटचा आकडा मात्र बारीक घसाईत दुय्यम आहे. २५० ते ३०० वॅटचे मशीन या कामाला पुरते, कारण येथे दाब द्यायचाच नसतो.

वेग कमीजास्त करण्याची सोय मात्र अवश्य असावी. लाकडावर मशीन पूर्ण वेगात चालते, पण सीलरचा (पॉलिशआधी रंध्रे बुजवणारा) थर ३२० नंबरने घासताना तोच वेग ठेवला तर थर तापून मऊ होतो आणि त्याच्या गोळ्या पेपरला चिकटून पुन्हा पृष्ठभागावर ओरखडे काढतात. खेड्यात वेगाचा प्रश्न आणखी एका बाजूने येतो. शेजारच्या पिठाच्या गिरणीची मोटर सुरू झाली की आपल्या सँडरचा आवाज खाली बसतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे) असलेल्या साध्या मोटरचा वेग व्होल्टेजबरोबर पडतो, आणि वेग पडलेल्या मशीनवर माणूस नकळत दाब वाढवतो, त्यामुळे चकतीचे स्वतःभोवती फिरणे थांबते आणि वेटोळी उमटतात. भाराखाली वेग स्थिर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असलेले मशीन थोडे महाग पडले तरी आपल्याकडे ते घेण्यासारखे आहे. त्याचबरोबर एक्स्टेन्शनची वायर बारीक वापरू नये. लांब पल्ल्याला निदान १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी आणि ती गुंडाळीवरून पूर्ण उलगडलेली असावी.

चकतीच्या खालचा पॅड कडक, मध्यम आणि मऊ अशा तीन प्रकारांत मिळतो. सागाच्या सपाट फळीवर मऊ पॅड वापरू नये. सागाच्या वर्तुळांत पोकळ रंध्रांचा पट्टा आणि घट्ट लाकडाचा पट्टा आळीपाळीने येतात. मऊ पॅड पोकळ पट्ट्यात जास्त उतरतो, घट्ट पट्टा उंच राहतो आणि पॉलिशनंतर फळी पाण्यावरच्या लाटांसारखी दिसते. सपाट कामाला मध्यम किंवा कडक पॅडच योग्य. मऊपणाची गरज गोलाईवर पडते, आणि तिचे सर्वांत चांगले उदाहरण तान्ह्या पोळ्याचे आहे. पोळ्याच्या आधी आपल्याकडच्या दुकानांत लाकडी नंदीबैलांची रांग लागते. नंदीचे वशिंड, पाठीचा खोलगट भाग आणि पोटाची गोलाई यांवर कडक पॅड टेकवला की लाकडाला पैलू पडतात. अशा वेळी पॅड आणि पेपर यांच्या मध्ये बसणारा, दोन्ही बाजूंना वेल्क्रो असलेला सुमारे १० मिलिमीटर जाडीचा स्पंजचा थर लावावा, वेग निम्म्यावर आणावा आणि मशीन गोलाईवरून हलकेच वाहते ठेवावे. शिंगांच्या बुंध्याशी आणि कानामागे मशीन जात नाही, तेथे पेपर बोटावरच गुंडाळावा लागतो. म्हणून मशीन घेतानाच त्याला असा मधला थर आणि सुटा पॅड मिळतो का, हे विचारून घ्यावे.

धुळीकडे आपल्या भागात फार दुर्लक्ष होते, याचे मला दुःख वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवली आहे, आणि हा धोका प्रामुख्याने नाकाच्या व नाकालगतच्या पोकळ्यांचा आहे. सागाच्या धुळीने अनेकांच्या हातामानेला खाजही सुटते. शेवटच्या घसाईची धूळ सर्वांत बारीक असते, ती हवेत बराच वेळ तरंगत राहते आणि तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याला जुमानत नाही. त्यामुळे ज्याच्या पॅडला छिद्रे आहेत, ज्याला धुळीचा डबा आहे आणि ज्याच्या धूळ निघण्याच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर जोडता येतो, असेच मशीन निवडावे. आपल्या व्हॅक्यूमची नळी त्या तोंडाला घट्ट बसते का, हे दुकानातच पाहावे, कारण नळ्यांचे व्यास कंपनीगणिक बदलतात. व्हॅक्यूम जोडल्यावर घसाईही सुधारते: सुटलेला कण पेपरखाली अडकत नाही, पेपर लवकर भरत नाही. एवढे करूनही एन ९५ दर्जाचा मास्क लावावाच.

पेपरचा विचार मशीनबरोबरच करावा, कारण जो पेपर आपल्या तालुक्याच्या बाजारात मिळत नाही त्याचे मशीन काही कामाचे नाही. १२५ मिलिमीटर, आठ छिद्रांचा वेल्क्रोचा पेपर आता बहुतेक हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो. १५० मिलिमीटरच्या चकतीत छिद्रांची रचना निरनिराळी असते आणि पेपर शोधत हिंडावे लागते. सागात नैसर्गिक तेल असल्याने साधा पेपर लवकर चिकटून भरतो, म्हणून वर पांढरट स्टिअरेटचा लेप असलेला पेपर घ्यावा. पी १२० नंबरचा कण सुमारे १२५ मायक्रॉनचा, पी १८० चा ८२ चा आणि पी २२० चा ६८ चा असतो. १२० वरून थेट २२० वर उडी मारली तर मोठ्या कणाची चरी भरून निघण्याइतके लाकूड बारीक कण काढूच शकत नाही. स्पिरिट पॉलिशसाठी १२०, १५०, १८० आणि २२० असे चढत जावे. तेल द्यायचे असेल तर १८० ला थांबले तरी चालते. विनिअरच्या प्लायवर मात्र १८० च्या खाली जाऊ नये, कारण वरचा सागाचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, अनेकदा त्याहूनही पातळ असतो.

बॅटरीवरचे मशीन गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन जिना किंवा दरवाजा दुरुस्त करण्यासाठी सोयीचे आहे. परंतु १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ९० वॅट-अवर ऊर्जा असते, ती सलग घसाईत अर्ध्यापाऊण तासात संपते, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना तापलेली बॅटरी चार्जर लवकर स्वीकारत नाही. हवेवरचे मशीन हलके आणि थंड चालते, पण ते मिनिटाला ३०० लिटरहून अधिक हवा मागते. रंग मारण्याच्या छोट्या कॉम्प्रेसरवर ते चालत नाही.

विकत घेण्याआधी मशीन दुकानात चालवून पाहावे. हवेत उचलून सुरू केल्यावर चकती सुसाट फिरू लागली, तर तिला आवरणारी रबरी कडी नाही किंवा झिजलेली आहे असे समजावे. असे मशीन फळीवर टेकताक्षणी अर्धवर्तुळाचा खोल ओरखडा काढते. ते एका हातात पाच मिनिटे धरून ठेवावे. बोटांना मुंग्या आल्या तर दिवसभराच्या कामाला ते योग्य नाही. माहितीपत्रकात कंपनाचा आकडा असतो. युरोपातील नियमांनुसार आठ तासांच्या कामाला २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही दक्षता घेण्याची आणि ५ ही कमाल मर्यादा आहे, त्याच्याशी तो ताडून पाहावा. कार्बन ब्रश, पॅड आणि रबरी कडी हे तीन सुटे भाग जवळच्या गावात मिळतात का, हे विचारावे आणि ब्रशची एक जोडी मशीनसोबतच घ्यावी, कारण एवढ्याशा वस्तूसाठी नागपूरची चक्कर म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते.

घरी आणल्यावर पहिला हात गिऱ्हाइकाच्या फळीवर फिरवू नये. सागाचा हातभर तुकडा घेऊन त्यावर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा ओढाव्यात आणि पॅडच्या कडेवर मार्करने एक खूण करावी. मशीन तुकड्यावर टेकवून मग सुरू करावे, फक्त त्याच्या वजनाचाच भार पडू द्यावा आणि सेकंदाला साधारण एक इंच या गतीने सरकवावे. पॅडवरची खूण सावकाश फिरताना दिसली पाहिजे, ती थांबली तर दाब जास्त आहे. पेन्सिलीच्या रेघा सगळीकडे एकाच वेळी पुसल्या गेल्या की पुढचा नंबर लावावा, आणि त्याआधी तुकड्यावरची धूळ ब्रशने झाडून घ्यावी. २२० नंतर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने तुकडा पुसावा, मात्र त्या वेळी मशीन बंद आणि दूर असावे, कारण मोटरच्या कार्बन ब्रशच्या ठिणगीने स्पिरिटची वाफ पेट घेऊ शकते. ओला असतानाच तुकडा दारापाशी नेऊन सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात डोळ्यांच्या पातळीला आडवा धरावा. जी वेटोळी पॉलिशनंतर दिसणार असतात, ती त्याच क्षणी दिसतात.