पेडलचा दिवा लागला की येणारी ‘टप्प’

बिग मफ या प्रसिद्ध पेडलच्या धर्तीवर मी पहिलं फझ पेडल बनवलं, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारी, पायाने चालू-बंद करायची डबी. सूर झकास, पण फूटस्विच (पायाने दाबायचं बटण) दाबला की अँपमधून, म्हणजे गिटारच्या अँप्लिफायरमधून, ‘टप्प!’ बहीण म्हणायची, दार वाजतंय, बघ कोण आलंय.

आधी गुन्हेगार नक्की करा. एलईडीचा, म्हणजे पेडल चालू असल्याचं दाखवणाऱ्या दिव्याचा, एक पाय सोडवून स्विच दाबा. तरीही टप्प आली, तर दिवा निर्दोष आहे. मग इनपुट आणि आउटपुट, दोन्हीकडे कपॅसिटरच्या बाहेरच्या टोकापासून ग्राउंडला १ मेगओहमचा रेझिस्टर आहे ना, ते पाहा. माझ्याकडे दोन्ही होते, आणि दिवा सोडवताच आवाज गेला.

झालं होतं असं. मी एलईडीला १ किलोओहम लावला होता, म्हणजे ९ व्होल्टवर सुमारे ७ मिलिअँपिअर. स्विच दाबताच हा प्रवाह एका फटक्यात सुरू व्हायचा, सप्लाय हलायचा आणि फझ तो धक्का इमानदारीत मोठा करून अँपला द्यायचा.

उपाय तीन भागांत. रेझिस्टर एक न ठेवता २.२ किलोओहमचे दोन, एकापुढे एक: ९ व्होल्ट, पहिला, दुसरा, एलईडी, स्विच, ग्राउंड. दोघांच्या सांध्यावरून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १६ व्होल्टचा किंवा जास्तीचा. प्लसचा पाय सांध्याला, उलटा लावू नका (मी लावला होता, पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची आणखी एक फेरी पडली). आता दाबताच लागणारा प्रवाह कपॅसिटर देतो आणि सप्लायवरचा भार जवळजवळ ५० मिलिसेकंदांत हळूहळू वाढतो. कपॅसिटरचा ग्राउंड स्विचच्या एलईडीवाल्या ग्राउंडपाशीच जोडा, म्हणजे तो झटका तिथल्या तिथे फिरतो.

वायरिंगकडेही बघा. दिवा बंद असताना एलईडीची स्विचकडची तार जवळपास ९ व्होल्टवर चढते आणि दाबताच शून्यावर आदळते. ती इनपुटच्या तारेला चिकटून गेली असेल, तर कपॅसिटर कितीही लावा, थोडी टप्प राहतेच. नऊ पिनांच्या फूटस्विचमध्ये मी इनपुटची रांग एका कडेला, आउटपुट मधे आणि एलईडी दुसऱ्या कडेला ठेवते. बायपासमध्ये (पेडल बंद, गिटार थेट अँपला) सर्किटचं इनपुट ग्राउंडला जाईल असंही जोडते.

दिवा जरा मंद होतो. हाय-ब्राइट एलईडीला १.६ मिलिअँपिअर भरपूर. दाबल्यावर तो क्षणभर जास्त उजळून मग स्थिरावतो. आणि स्विचचा स्वतःचा खटका खोलीत ऐकू येतो, तो येणारच.