शस्त्रसंधीच्या तारखेपुढेही शोधा : पहिल्या महायुद्धाची डिजिटल दप्तरं नागपुरात बसून कशी वाचायची

पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता संपलं, हे शाळेत पाठ झालेलं वाक्य युद्धावर गेलेल्या पूर्वजाचा माग काढायला दप्तर चाळताना आडवं येतं. ती तारीख फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीची. मराठा पलटणींपैकी बऱ्याच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तुर्कांशी शस्त्रसंधी ३० ऑक्टोबरला मुद्रोस इथे झाली आणि तिथलं युद्ध ३१ ऑक्टोबरच्या दुपारी थांबलं. पूर्व आफ्रिकेत जर्मन फौजेने शस्त्रं ठेवली ती २५ नोव्हेंबरला. ब्रिटिश कायद्याच्या हिशेबाने तर हे युद्ध ३१ ऑगस्ट १९२१ ला संपलं.

म्हणून शोधाचा पहिला नियम : सुरुवातीची तारीख माहीत नसेल तर ऑगस्ट १९१४ धरा, पण शेवटची तारीख नेहमी ३१ ऑगस्ट १९२१ ठेवा. नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबलात तर इन्फ्लुएंझाने गेलेले, कैदेतून सुटून वाटेत दगावलेले आणि १९२० च्या इराकमधल्या उठावात पडलेले असे सगळे हातचे जातात.

आधी घरातलं

संगणकापुढे बसण्याआधी ट्रंक उघडा. पदक सापडलं तर राजाच्या चेहऱ्यात अडकू नका, कडा बघा. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली हीच. पदक चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. कडेची अक्षरं आधीच उथळ असतात, दोन-चार घासण्यांत ती जातात. खिडकीजवळ पदक आडवं धरा, उजेड एका बाजूने तिरपा पडू द्या आणि कडा थोडी थोडी फिरवत मोबाइलवर सहा-सात फोटो काढा. समोरून फ्लॅश मारला की अक्षरं नाहीशी होतात.

वॉर मेडल चांदीऐवजी काशाचं असेल तर पणजोबा बहुधा लढाऊ शिपाई नसून लेबर कोअरमध्ये, म्हणजे फौजेच्या मजूर दलात, किंवा तत्सम कामावर होते. मग पलटणीच्या कागदांत त्यांना शोधून उपयोग नाही, मजूर कंपनीचा नंबर शोधा. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची गोल काशाची तबकडी घरात असेल तर ती मृत्यूनंतर वारसाला दिलेली आहे. तिच्यावर फक्त नाव असतं. हुद्दा, नंबर, पलटण काही नाही.

कागद स्कॅन करायचे तर मजकुरासाठी ३०० डीपीआय आणि फोटोसाठी ६०० पुरे. नागपूरचा एक खास धोका सांगायलाच हवा. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असलेल्या खोलीत जुने कागद पसरू नका. ओली हवा लागली की कागद कडेने वळतो, शाई पसरते आणि तसाच ओलसर परत पेटीत गेला तर पावसाळ्यात बुरशी धरतो. हे काम हिवाळ्यात काढा, नाहीतर कूलर बंद करून सकाळी लवकर उरका.

पलटण नेमकी कोणती

घरात सांगतात ते ‘मराठा पलटण’ एवढंच. तेवढ्यावर दप्तर उघडत नाही. युद्धकाळात १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा वेगवेगळ्या मराठा पलटणी होत्या. १९२२ मध्ये फेररचना झाली आणि या सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या : १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची दहावी. कागदावर ‘पाचवी मराठा’ लिहिलं असेल तर तो कागद १९२२ नंतरचा आहे. युद्धातला नंबर त्यावरून उलटा काढा. १११ वी महार पलटण मात्र १९१७ मध्येच उभी राहिली आणि युद्धानंतर थोड्याच काळात मोडली, त्यामुळे तिचे कागद फार थोड्या वर्षांचे आहेत.

इंग्रजीत शोधताना मराठा हा शब्द ‘एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए’ असाच टाका. आजचं स्पेलिंग टाकलं तर निम्मे निकाल येतच नाहीत.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी

ही युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था. मृत सैनिकांसाठी तिची ऑनलाइन यादी ही सगळ्यात भरवशाची जागा आणि ती फुकट आहे. लोक इथे चुकतात ते नावाच्या रकान्यात. नोंद करणाऱ्याला ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ ही आपली रीत कळली नव्हती. एकच नाव सांगणाऱ्या शिपायाचं तेच नाव आडनावाच्या रकान्यात गेलं. सखाराम कधी दोन तुकड्यांत आहे, कधी एकात. जाधाव, जाधव आणि जाधो हे तिन्ही एकाच माणसाचे असू शकतात. त्यामुळे आडनाव पूर्ण लिहू नका. पहिली तीन-चार अक्षरं टाका, सैन्य ‘इंडियन आर्मी’ निवडा, तारखांची मर्यादा १९२१ पर्यंत ठेवा.

नावाने काही निघालं नाही तर ‘अतिरिक्त माहिती’चा रकाना वापरा. वडिलांचं नाव, गाव, जिल्हा आणि प्रांत तिथे असतो. प्रांत ‘सेंट्रल प्रोव्हिन्सेस’, म्हणजे मध्य प्रांत, असा येईल. गावांची स्पेलिंगं जुनी टाका : नागपूर शेवटी ‘पी-ओ-आर-ई’ करूनही, कामठी ‘के-ए-एम-पी-टी-ई-ई’, उमरेड शेवटी ‘डी’ऐवजी ‘आर’ लावून, चंद्रपूर ‘चांदा’ म्हणून. एक सापळा : नुसतं नागपूर टाकलं की छोटा नागपूरचे, म्हणजे रांचीकडचे लोकही ढिगाने येतात. लेबर कंपन्यांत तिकडून पुष्कळ माणसं गेली होती. प्रांताचा रकाना न वाचता नाव उचललं तर दुसऱ्याच घराचा पूर्वज आपल्या वंशावळीत येऊन बसतो.

स्मारकाचं नावही नीट वाचा. खडकीचं १९१४–१९१८ स्मारक दिसलं तर तो सैनिक भारतातच, बहुधा छावणीत किंवा इस्पितळात गेला. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांत इन्फ्लुएंझाने मध्य प्रांतात हाहाकार माजवला होता. त्या दिवसांतली भारतातली तारीख असेल तर ही शक्यता आधी तपासा. बसरा स्मारक असेल आणि भिंतीवर नाव शोधायचा विचार असेल तर आधीच सांगायला हवं : त्या भिंतीवर भारतीय शिपायांची नावं कोरलेली नाहीत, अधिकाऱ्यांचीच आहेत. शिपायांची पलटणवार संख्या तेवढी आहे आणि नावं नोंदवहीत. ज्यांनी नदीकाठच्या त्या उन्हात जीव दिला त्यांच्या वाट्याला आकडा आला, म्हणून ही नोंदवही वाचणं जास्तच गरजेचं आहे.

वॉर डायरी

प्रत्येक पलटणीला रोजची हकिगत आर्मी फॉर्म सी. २११८ वर लिहावी लागे : ठिकाण, तारीख, वेळ, घटनांचा सारांश, शेरा. या डायऱ्या लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहेत. पश्चिम आघाडी आणि मेसोपोटेमिया यांचा मोठा भाग स्कॅन झालेला आहे. डाउनलोडला पैसे पडतात का ते त्या पानावरच दिसतं. डाउनलोड करण्याआधी तारखांचा पल्ला दोनदा वाचा, कारण एका पलटणीच्या डायऱ्या दोन-तीन फायलींत तुटलेल्या असतात आणि शेवटचे महिने हमखास वेगळ्या फायलीत निघतात.

डायऱ्या पलटणीच्या नावाने रचलेल्या नाहीत. आधी डिव्हिजन, मग तिच्यातली ब्रिगेड, मग ब्रिगेडमधली पलटण अशी रचना आहे. उदाहरणच घ्यायचं तर ११४ वी मराठा ही १७ व्या डिव्हिजनच्या ३४ व्या ब्रिगेडमध्ये होती. तिग्रिसकाठची शरकातची लढाई २३ ते ३० ऑक्टोबर १९१८ या दिवसांतली, म्हणजे मेसोपोटेमियातली शेवटची मोठी लढाई. ती वाचायची तर पलटणीची डायरी, तिच्या वरची ब्रिगेडची डायरी आणि डिव्हिजनची डायरी अशा तिन्ही शेजारी ठेवून वाचा. पलटणीचा लेखक दमलेला असतो, ओळी तुटक असतात; ब्रिगेडचा कारकून वेळा आणि जागा नीट देतो.

आता ज्याने सगळ्यात जास्त निराशा होते ते. डायरीत पणजोबांचं नाव शोधू नका. नावं अधिकाऱ्यांची असतात, शिपाई फक्त ‘आय. ओ. आर.’ म्हणजे इंडियन अदर रँक्स म्हणून आकड्यात. नावं असलीच तर मागे जोडलेल्या परिशिष्टांत. म्हणून उलटं जा : ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीतून मृत्यूची तारीख घ्या आणि डायरीत तो दिवस काढा. यादीतली तारीख आणि डायरीतले आकडे जुळत नसतील तर मागचे दहा-पंधरा दिवस वाचा. यादीत मृत्यूचा दिवस असतो, जखम त्याआधीची असते, आणि इस्पितळ पलटणीपासून लांब होतं.

तुर्कांशी युद्ध थांबलं त्या ३१ ऑक्टोबर १९१८ ची नोंद बहुतेक वेळा एक-दोन ओळींत आटोपते. तिथे फाइल बंद करू नका. पुढच्या पानांवर रजेवर सुटलेल्या तुकड्या, आजाऱ्यांचे आकडे, ताब्यात घेतलेला दारूगोळा आणि घरी परतण्याची वाट बघणं हे सगळं आहे. युद्ध संपणं म्हणजे काय ते या कंटाळवाण्या पानांत जितकं दिसतं तितकं तहाच्या मसुद्यात दिसत नाही.

१०३, ११० आणि ११७ या पलटणींचा माणूस असेल तर २९ एप्रिल १९१६ ही तारीख आधी लिहून ठेवा. मेसोपोटेमियातल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेला वेढा त्या दिवशी शरणागतीने संपला आणि या पलटणी कैदेत गेल्या. कैद्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचं १९१४–१९१८ चं दप्तर ऑनलाइन आहे. ती हस्तलिखित कार्डं आहेत, त्यात नाव टाइप करून थेट कार्ड निघत नाही. कार्डांचा गठ्ठा उघडून पानं उलटत जावं लागतं.

दिल्ली आणि नागपूर

भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल नोंदणी केली की वापरता येतं. इथे सैनिकाऐवजी विषय शोधा : आर्मी डिपार्टमेंट, पेन्शन, भरती, जंगी इनाम (लष्करी कामगिरीबद्दलचं इनाम), सेंट्रल प्रोव्हिन्सेस. वर्षं १९१८ ते १९२२ ठेवा, कारण इनाम आणि पेन्शनचा पत्रव्यवहार युद्धानंतरच वाढला. काही नोंदींचं फक्त शीर्षक दिसतं, पानं नाहीत. त्यांचा क्रमांक टिपून ठेवा, स्कॅनसाठी मागणी करता येते.

प्रांतिक सरकारची बाजू हवी असेल तर राज्य पुराभिलेख संचालनालयाची नागपूर शाखा आहे. जाताना ओळखपत्र, शिसपेन्सिल आणि विषय-वर्ष लिहिलेला अर्ज ठेवा. ‘आजोबांची माहिती द्या’ असा अर्ज कोणाच्याच कामाचा नसतो. खातं आणि वर्ष लिहिलं तर दप्तरी माणूस सूची तरी काढून देऊ शकतो.

दुसऱ्या महायुद्धाची वाट याहून खडतर आहे. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन १९४१ मध्ये कामठीलाच उभी राहिली आणि ब्रह्मदेशात गेली. त्या आघाडीच्या डायऱ्या क्यूच्या ‘डब्ल्यूओ १७२’ मालिकेत आहेत, पण बहुतेक अजून स्कॅन झालेल्या नाहीत. सूचीत क्रमांक बघून प्रत मागवावी लागते. इथे तारखेची मर्यादा ३१ डिसेंबर १९४७ ठेवा.

सापडलेलं टिकवा, चुकलेलं दुरुस्त करा

प्रत्येक पान उतरवलं की त्याच मिनिटाला फाइलचं नाव बदला : वर्ष-महिना-दिवस, पलटण, दप्तराचा क्रमांक, पान. वर्ष पुढे असलं की फायली आपोआप क्रमाने लागतात. क्रमांकाशिवाय ठेवलेला स्क्रीनशॉट सहा महिन्यांनी तुम्हालाही ओळखू येत नाही.

कमिशनच्या यादीत नाव चुकीचं असेल किंवा नसेलच, तर दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. घरात ऐकलेलं त्याला पुरत नाही, त्या काळातला कागद लागतो : पेन्शनचा हुकूम, पलटणीचं पत्र, मृत्यूचा दाखला. सैनिक फौजेतून सुटल्यावर गावी वारला असेल तर मृत्यू ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचा हवा आणि कारण नोकरीतल्या जखमेशी किंवा आजाराशी जोडणारा पुरावा हवा. तो कागद बहुधा पेन्शनच्या फायलीतच असतो, म्हणून अर्ज करण्याआधी अभिलेख पटलावर आणि नागपूर शाखेत ती फाइल शोधून घ्या.