घरातल्या सैनिकाची नोंद कशी शोधावी आणि जपावी

सोलापुरात मिलच्या भोंग्याबद्दल कुणालाही विचारा, तासभर ऐकायला मिळेल. लढाईवर गेलेल्या माणसाबद्दल विचारा, गोष्ट एका वाक्यात संपते: "आमचे एक आजोबा मिल्ट्रीत होते." कुठली लढाई, कुठली पलटण, कुणालाच सांगता येत नाही. आमच्याही घरी तेच. माझ्या आजोबांचे चुलते "बसऱ्याला गेले ते गेलेच", एवढंच ठाऊक होतं. लहानपणी मला बसरा हे सांगोल्याच्या पुढचं एखादं गाव वाटायचं, ते इराकमध्ये आहे हे पुढे कळलं.

त्यांची नोंद सापडायला दोन वर्षं लागली. त्यातलं निम्म्याहून जास्त मी चुकीच्या टोकाने सुरुवात केल्यामुळे वाया गेलं. म्हणून क्रमाने सांगतो.

१. आधी नंबर

फौजेत एका नावाचे दहा जण असतात, नंबर मात्र ज्याचा त्याचा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, जुनी पत्रं आणि पदकं या चार ठिकाणी तो सापडण्याची शक्यता जास्त. माळ्यावरची ट्रंक उतरवा आणि तळाला अंथरलेला कागदही उलटून बघा.

पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते, पण पुढच्या-मागच्या बाजूला नाही, जाडीवर. सकाळच्या तिरप्या उन्हात धरून भिंगाने वाचावं लागतं. आमच्याकडे दोनांपैकी एकच पदक उरलं होतं. चांदीचं होतं ते कधीतरी सोनाराकडे गेलं. ब्राँझचं व्हिक्टरी मेडल कुणी घेईना, म्हणून वाचलं. घरातल्या कुणा पोराच्या गळ्यात घालायला त्याला वरून कडी डाग देऊन बसवली होती आणि त्या डागाच्या ओघळाखाली नंबराचा पहिला आकडा बुजला होता. उरलेले तीन आकडे आणि पलटण वाचता आली, तेवढ्यावर काम भागलं.

पदक घासू नका. चिंच, राख, भांड्यांची पावडर यांतलं काहीच नको. दरवर्षी दसऱ्याला चकाचक केलेल्या पदकाची कड गुळगुळीत होते आणि मग वाचायला काही राहत नाही.

युद्धात मेलेल्यांच्या घरी साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची तबकडीही येत असे. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दाही नाही. ती मिळाली तर माणूस परत आला नव्हता हे कळतं, नंबर मात्र दुसरीकडेच शोधावा लागतो.

स्वतंत्र भारताची पदकंही नीट ओळखा. १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक तेव्हा नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं. ते आहे म्हणून आजोबा १९७१ च्या आघाडीवर होतेच असं नाही.

२. म्हाताऱ्या बायकांना विचारा

पुरुष लढाईच्या गोष्टी फुगवून सांगतात. आत्या, मावशी, चुलत आजी यांच्या आठवणीत वस्तू असतात. "युद्धात काय केलं?" असं विचारू नका, "रजेवर आले की काय आणायचे? मनीऑर्डर कुठून यायची?" असं विचारा. मनीऑर्डर बेळगावहून यायची म्हटल्यावर मराठा लाइट इन्फंट्रीचा संशय घ्यायला हरकत नाही, कारण तिचं केंद्र तिथेच आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत आजी कानडी किंवा तेलुगूत मोकळं बोलते. तिला मराठीत ओढू नका. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि गप्प बसा.

काही घरांत मुद्दाम मौन असतं. १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा लागला, १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली. अशा गावात "आमचे वडील गोऱ्यांच्या पलटणीत" हे कोण मोठ्याने सांगणार? तसं मौन जाणवलं तर खोदून विचारू नका, दुसऱ्या वेळी पुन्हा जा.

ऐकलेलं एका वहीत डाव्या पानावर लिहा, कागदावर सापडलेलं उजव्या. दोन्ही जुळत नसेल तरी डावं पान खोडायचं नाही.

३. पलटणीचं आजचं नाव काढा

माझं सगळ्यात जास्त अडलं ते इथे. पदकावर ११० मराठा होतं आणि मी त्याच नावाने शोधत राहिलो. १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले. १०३ मराठाची पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी. महार रेजिमेंटचंही असंच. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली. आजची रेजिमेंट १९४१ ची. हुद्द्यांतही फसायला होतं. जुना जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार, कचेरीतला जमादार नव्हे.

४. नोंद कुठे पाहावी

दोन्ही महायुद्धांतल्या मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. आडनावाने शोधू नका, बरेचदा ते नसतंच. पलटण आणि गाव टाका. आणि गावाचं स्पेलिंग त्या काळचं हवं: सोलापूरचं तेव्हा शोलापूर होतं, बार्शीचं बार्सी. आमचा माणूस "अमक्याचा मुलगा, शोलापूर" या एका ओळीवर सापडला. ११० मराठा इराकमधल्या कूत अल अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या इंग्रजांच्या फौजेने शरणागती पत्करली आणि नंतर कैदेत पुष्कळ मेले, त्यांतलेच ते. बसऱ्याच्या स्मारकाच्या दगडावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत, शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. नाव आहे ते यादीत. मी ती ओळ घरी वाचून दाखवली तेव्हा चहा निवून गेला होता.

स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आहेत. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं.

या सगळ्या याद्या मेलेल्यांच्या. जगून परत आला, शेती केली, मिलमध्ये लागला, म्हातारा होऊन गेला, त्याचं नाव कुठल्याच दगडावर नाही, आणि असेच जास्त. त्यांच्यासाठी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा: मराठ्यांचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअरांचं, खडकीला. पत्रात नंबर, हुद्दा, नाव, गाव, तुमचं नातं आणि नेमकं काय हवं ते लिहा. घराण्याचा इतिहास लिहू नका. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती ठेवा आणि दोन महिन्यांनी स्मरणपत्र टाका. माजी सैनिक म्हणून जमीन मिळाली असेल तर तलाठ्याकडचा जुना फेरफारही काढा.

५. जपणूक

मूळ कागद लॅमिनेट करू नका, ते पुन्हा सुटत नाही. फोटो फ्लॅश न लावता काढा, मागची बाजूही काढा. पदकं धुवट सुती कापडात गुंडाळा. पेन्शनचे कागद सोशल मीडियावर टाकू नका. एका पानावर नंबर, पलटण, गाव आणि तारखा लिहून एक प्रत गावच्या शाळेत द्या.

६. दिवस

मृत्यूची तारीख सापडली की जुन्या पंचांगावरून तिथी काढता येते. दाते पंचांग सोलापूरचंच, जुन्या जाणत्यांच्या घरी मागचे अंक बांधून ठेवलेले असतात. शस्त्राने मेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षात चतुर्दशीला करतात, तिथी माहीत नसलेल्यांचं सर्वपित्रीला. आमच्याकडे त्यांचं पान अमावस्येलाच वाढलं जायचं. मी मोठ्या उत्साहाने खरी तिथी काढून आणली, आत्याला सांगितली. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "इतकी वर्सं ते अमुशेलाच येत्यात. आता दिवस बदलला तर चुकतील की रे."

पान अजून अमावस्येलाच वाढतो. तिथी वहीच्या उजव्या पानावर आहे.